काट्यावर चढायच्या आधीच गाडीचं वजन कसं कळतं

वाळू, खडी, मुरूम आपल्याकडे अजून ब्रासवर चालतं. एक ब्रास म्हणजे १०० घनफूट, हौद्याची लांबी-रुंदी-उंची टेपनं मोजली की झालं काम, ही तीन ब्रासची गाडी, ती चार ब्रासची. पण रस्त्यात गाडी अडवणारा माणूस ब्रास विचारत नाही, टन विचारतो. सगळा घोळ इथंच होतो. एक ब्रास कोरडी वाळू साधारण साडेचार टन भरते, तीच पाण्यानं चिंब असेल तर सव्वापाचच्याही पुढं जाते, आणि हौद्याकडं नुसतं बघून हा फरक कुणालाच दिसत नाही. आता तर बांधकामाला वॉश सँड (धुतलेली वाळू) जास्त जाते, ती प्लँटमधून ओलीच निघते.

आमच्या घरी दहाचाकी टिपर आहे, काका चालवतात. रिकामी गाडी साडेअकरा टन, पासिंग (मालासकट कायद्यानं चालणारं वजन) २८ टनांचं, म्हणजे माल साडेसोळा टन बसतो. साडेतीन ब्रास कोरडा माल म्हणजे सोळा टनांच्या आत, बरोबर मापात. दोन वर्षांपूर्वी जूनमध्ये रात्रभर पाऊस पडला आणि सकाळी काकांनी रोजच्यासारखीच, हौद्याच्या आतल्या रोजच्याच खुणेपर्यंत गाडी भरून घेतली, पुढं चेकिंगला काट्यावर चढवली तर ३० टन. दोन टन वर. काका सांगत होते की रोज एवढंच भरतो, ते खरंही होतं, पण कायद्यात त्याला जागा नाही. मोटार वाहन कायद्याच्या कलम १९४ मध्ये ओव्हरलोडला २०,००० रुपये आणि वर प्रत्येक जादा टनाला २,००० असा हिशोब आहे, शिवाय जादा माल उतरवायचा खर्च गाडीवाल्याचाच. वजन करायला नकार दिला तर ४०,०००. संध्याकाळी घरी आल्यावर काका एवढंच म्हणाले, "भरतानाच कळलं असतं तर एक बकेट कमी घेतलं असतं रे."

तेव्हापासून मी गाडीतच बसणाऱ्या वजनाच्या सेन्सरच्या मागं लागलो. वाचलं, बसवणाऱ्या मेकॅनिकांशी बोललो, आणि शेवटी आमच्या गाडीला बसवून घेतला. यात जे समजलं ते इथं लिहितोय, कारण बऱ्याच गाडीवाल्यांना वाटतं हे काहीतरी फॉरेनचं महागडं खूळ आहे, आणि ज्यांनी बसवलंय त्यातल्या बऱ्याच जणांना वाटतं की आकडा आला म्हणजे तो काट्यासारखाच पक्का. दोन्ही बरोबर नाही.

आधी एक गोष्ट डोक्यात बसू द्या. वजन थेट कुणालाच मोजता येत नाही, काट्यालासुद्धा नाही. भुईकाट्याच्या प्लॅटफॉर्मखाली स्टीलचे लोडसेल असतात, गाडी वर चढली की ते केसाएवढे दबतात आणि किती दबले त्यावरून वजन काढलं जातं. म्हणजे मोजतो आपण दबणं, वजन हा हिशोब असतो. मग प्रश्न एवढाच राहतो की गाडीत असं काय काय आहे जे माल पडला की दबतं, ताणतं किंवा वाकतं? भरपूर आहे. पाटे (पट्ट्यांच्या स्प्रिंगा) बसतात, एअर सस्पेन्शन (पाट्यांऐवजी हवेच्या बॅगा) असेल तर बॅगेतला दाब वाढतो, ॲक्सल (दोन बाजूंच्या चाकांमधला आडवा कणा) किंचित वाकतो. यातलं एक पकडायचं, त्याला सेन्सर लावायचा आणि दबण्याचं भाषांतर किलोत करायचं.

टायरचं मात्र सोडून द्या. खूप जण विचारतात की टायरमधल्या हवेच्या दाबावरून वजन का काढत नाही. माल भरला की टायर खाली बसलेला दिसतो खरा, पण आतली हवा राहायची जागा फारशी कमी होत नाही, त्यामुळं दाब नावापुरताच वाढतो. टायर वजन पेलतो तो जमिनीवर टेकलेला भाग मोठा करून. उन्हात तासभर गाडी चालवली तर त्यापेक्षा जास्त दाब वाढतो, मग त्यातून वजन कसं शोधणार.

आणि हे सेन्सरचं प्रकरण नवं आहे असंही नाही. कितीतरी गाड्यांच्या मागच्या ॲक्सलजवळ एक छोटा दांडा असतो, तो ॲक्सल आणि चॅसी (गाडीचा सांगाडा) यांच्यामधलं अंतर बघतो आणि ब्रेकच्या वॉल्व्हला जोडलेला असतो. गाडी भरलेली, चॅसी खाली, दांडा वर, मागं ब्रेकला जास्त हवा. गाडी रिकामी असेल तर कमी हवा, म्हणजे चाकं लॉक होऊन गाडी आडवी जात नाही. म्हणजे आपल्या गाड्या कधीपासून स्वतःचं वजन ओळखतायत, फक्त ते ड्रायव्हरला दाखवत नव्हत्या.

आता सगळ्यात सोपा प्रकार, एअर सस्पेन्शन. इथं पाट्यांऐवजी रबराच्या जाड बॅगा असतात, त्यात कंप्रेसरची हवा. माल पडला की गाडी खाली बसायला लागते, तेव्हा लेव्हलिंग वॉल्व्ह आणखी हवा सोडतो आणि गाडी परत ठरलेल्या उंचीवर येते. उंची तीच राहते म्हणून बॅगेचा आकार तोच राहतो आणि वाढलेलं सगळं वजन नुसत्या दाबात दिसतं. हवेच्या नळीत टी (तीन तोंडांचा जोड) बसवून एक प्रेशर सेन्सर लावला की काम झालं. समजा गाडी रिकामी असताना दाब १.२ बार (बार हे दाबाचं माप) आणि काट्यावर मागचा ॲक्सल ४.२ टन. पूर्ण भरल्यावर ५.२ बार आणि ११.४ टन. म्हणजे ४ बारमागं ७.२ टन, एका बारला १.८ टन. आता कुठंही दाब ३.७ बार दिसला तर रिकाम्यापेक्षा अडीच बार वर, अडीच गुणिले १.८ म्हणजे साडेचार टन, त्यात सुरुवातीचे ४.२ मिळवले की ८.७ टन. शाळेतलं त्रैराशिक, याच्यापेक्षा वेगळं काही नाही. डिस्प्लेच्या डब्यात हेच गणित सेकंदाला कितीतरी वेळा चालू असतं.

पण आपल्याकडं टिपर, मालट्रक बहुतेक पाट्यांवर. पाट्याचं गणित दिसायला आणखी सोपं, वजन पडलं की पाटा बसतो, चॅसी आणि ॲक्सलमधलं अंतर कमी होतं, तिथं एक दांडा आणि फिरणारा सेन्सर लावायचा आणि अंतर मोजायचं. अडचण अशी की पाटा म्हणजे एकावर एक ठेवलेल्या पट्ट्या, आणि त्या एकमेकींवर घासतात. गंज, चिखल, वाळू आत गेली की अजून घासतात. त्यामुळं माल भरत असताना पाटा जेवढा बसायला पाहिजे तेवढा लगेच बसत नाही, अडकून राहतो, आणि डिस्प्ले खऱ्यापेक्षा कमी वजन दाखवतो. उलट अर्धा माल खाली केला की पाटा पूर्ण वर येत नाही, तेव्हा आकडा जास्त दाखवतो. म्हणजे गाडीत तोच माल, पण भरत आलात की उतरवत आलात यावर आकडा वेगळा. आमच्या गाडीला हे मी स्वतः बघितलंय, भरून झाल्यावर मालाचा आकडा १५.४ टन, गाडी वीस-पंचवीस फूट पुढं घेऊन एका खड्ड्यातून अलगद काढली आणि थांबवली, तर १६.१. पट्ट्या सरकून जागेवर बसल्या. तेव्हापासून काकांचा नियम, भरून झालं की गाडी थोडी हलवायची, मग आकडा बघायचा.

तिसरा प्रकार मला सगळ्यात जास्त आवडतो, कारण तो इतका बारीक आहे की विश्वास बसत नाही. स्ट्रेन गेज. ॲक्सल म्हणजे दोन्ही टोकांना चाकांवर टेकलेली दणकट तुळई, आणि पाट्यांमधून माल तिच्यावर दाबतो. तुळई वाकते, वरची बाजू दबते, खालची ताणली जाते. डोळ्यानं दिसायचा प्रश्नच नाही, एक मीटर लांबीमागं एका मिलिमीटरचा दहावा भाग एवढं ताणणं धरा. तिथं नखाएवढी पातळ फॉइल चिकटवतात, तिच्यात नागमोडी धातूची तार असते. ॲक्सल ताणला की तारही ताणते, लांब आणि बारीक होते, आणि तिच्यातून वीज जायला किंचित जास्त अडथळा होतो. ताणलेल्या तारेचा विजेला होणारा रोध बदलतो हे लॉर्ड केल्विननं १८५६ मध्येच दाखवलं होतं, आणि १९३८ च्या सुमारास अमेरिकेत सिमन्स आणि रूज या दोघांनी वेगवेगळं काम करून त्यातून वापरता येईल असा गेज केला.

आता आकडा बघा. गेज ३५० ओहमचा (ओहम म्हणजे विजेच्या अडथळ्याचं माप) असेल तर एवढ्या ताणानं तो होतो ३५०.०७. दशांशानंतर दुसऱ्या घरात फरक! आणि खरी पंचाईत पुढं आहे. स्टील उन्हानं पसरतं. नुसतं दहा अंश तापमान वाढलं तरी स्टील जेवढं पसरतं ते या मालाच्या ताणापेक्षा जास्त असतं. मग सकाळी सातला आणि दुपारी एकला तीच रिकामी गाडी वेगळं वजन दाखवणार? यावर उपाय फार सुंदर आहे. एक गेज लावत नाहीत, चार लावतात, काही ताणल्या जाणाऱ्या जागी, काही दबणाऱ्या जागी, आणि ते व्हीटस्टन ब्रिज नावाच्या चौकटीत जोडतात. ही चौकट म्हणजे विजेची तागडी. ऊन चारही गेजना सारखंच तापवतं, म्हणजे तागडीच्या दोन्ही पारड्यांत सारखीच भर पडली, काटा मधेच राहतो. माल पडला की मात्र दोन ताणतात आणि दोन दबतात, एक पारडं जड आणि दुसरं हलकं, काटा झुकतो. उन्हाचा हिशोब आपोआप कटला, उरलं ते फक्त मालाचं. पूर्ण नाही कटत हेही सांगतो, ॲक्सलची एक बाजू सायलेन्सरजवळ जास्त तापली तर थोडी चूक राहतेच, पण कितीतरी कमी.

सेन्सर कुठलाही असो, पहिल्या दिवशी तो फक्त दाब किंवा ओहम सांगतो, टन त्याला माहीत नसतो. तो शिकवायचा काट्यावर. रिकामी गाडी चढवायची, आकडा भरायचा, मग पूर्ण भरून चढवायची, आकडा भरायचा. मधे अर्ध्या भरतीवर एकदा चढवली तर फारच उत्तम, विशेषतः पाट्यांना, कारण बऱ्याच गाड्यांना जादा हेल्पर पाटे असतात आणि ते ठराविक वजनानंतरच टेकतात, मग पुढचं गणित बदलतं, सरळ रेषेला मधेच कोपर येतो. घाईत बसवून देणारे नेमकं हेच टाळतात आणि मग मालक म्हणतो सेन्सर खोटा आहे. आणि पुढचा ॲक्सल आधी एकटाच काट्यावर घ्या, मग मागचे, म्हणजे प्रत्येक ॲक्सलचा आकडा वेगळा बसतो.

वेगळा का पाहिजे हे नीट समजून घ्या, कारण बहुतेक गाडीवाले फक्त एकूण वजनाकडं बघतात. जुलै २०१८ मध्ये केंद्र सरकारनं ॲक्सलच्या मर्यादा वाढवल्या, चार टायरच्या एका ॲक्सलला १०.२ टनांवरून ११.५ आणि जोडीच्या ॲक्सलना १९ वरून २१ टन. एकूण वजन पासिंगच्या आत असलं तरी माल मागं सरकून पडला असेल तर मागची जोडी २१ च्या वर जाऊ शकते. आणि रस्ता एकूण वजन ओळखत नाही, त्याला ॲक्सल कळतो. अमेरिकेत इलिनॉयमधल्या ऑटवा गावाजवळ १९५८ ते १९६० अशी दोन वर्षं मुद्दाम बांधलेल्या रस्त्यांवर ट्रक फिरवून एक मोठी चाचणी झाली होती, तिथून हा अंदाज आला की रस्त्याचं नुकसान ॲक्सलच्या वजनाच्या साधारण चौथ्या घातानं वाढतं. २१ टनांच्या जोडीवर २५ टन टाकले तर वजन वाढलं एकोणीस टक्के, नुकसान झालं दुप्पट. आपल्या गावाकडचा रस्ता डांबर टाकल्यावर दोन पावसाळ्यांत का उखडतो याची कारणं बरीच आहेत, पण हे त्यातलं मोठं आहे, आणि त्याच रस्त्यावरून आपलीच पोरं शाळेत जातात.

लिफ्ट ॲक्सलचंही (गाडी रिकामी असताना वर उचलून ठेवता येणारा ॲक्सल) तसंच. टायर वाचवायला भरलेल्या गाडीत लिफ्ट वर ठेवून पळणारे मी बघितलेत. तीन ॲक्सलनी पेलायचं ते दोनांवर येतं, ब्रेकचे लायनर तापतात, घाटात उतरताना काय होईल याचा विचारच करवत नाही. ॲक्सलवार आकडा समोर असेल तर निदान असं कधी म्हणता येणार नाही की माहीत नव्हतं.

आकडा चुकतो कधी, तर बहुतेक वेळा गाडी उभी करण्यात चूक असते. उतारावर उभी केली की वजन एका ॲक्सलवरून दुसऱ्यावर सरकतं. साधा हिशोब करा, १८ टनांची गाडी, दोन ॲक्सलमध्ये साडेचार मीटर अंतर, मालासकट गाडीचा तोल जमिनीपासून दीड मीटरवर. शंभर फुटाला पाच फूट असा चढ असेल तर ३०० किलो पुढून मागं गेले. एकूण जवळपास तेवढंच, पण ॲक्सलचे दोन्ही आकडे खोटे. दुसरं म्हणजे हँडब्रेक. एअर सस्पेन्शनला माल पडताना चाक थोडंसं फिरावं लागतं, ब्रेक ओढलेला असला की ते फिरू शकत नाही, सगळं आत पिळून राहतं आणि दाब चुकीचा येतो. सपाट जागा, चाकाला ओट (अडवायला दगड किंवा ठोकळा), ब्रेक सोडलेला, टाकीत हवा पूर्ण, मग बघा. हवा कमी असताना बॅगा भरतच नाहीत, गाडी खालच्या रबरावर टेकते आणि सेन्सरला वाटतं माल कमी आहे, ही चूक सगळ्यात वाईट कारण ती गाडीवाल्याला खोटा धीर देते.

एवढं सांभाळलं तर चांगला बसवलेला एअर सस्पेन्शनचा सेन्सर एक-दोन टक्क्यांत येतो, पाट्यांवरचा त्याहून ढिला. २८ टनांवर दोन टक्के म्हणजे ५६० किलो. म्हणून काका पासिंगच्या टोकापर्यंत भरतच नाहीत, अर्धा-पाऊण टन हात राखून थांबतात. आणि या आकड्यावर मालाचं बिल करता येत नाही, खरेदी-विक्रीला वैधमापन खात्याचा शिक्का असलेला काटाच लागतो. ऊस पट्ट्यात काटामारी (काट्यावर वजन कमी दाखवणं) हा शब्द पोराटोरांनाही माहीत आहे, म्हणून तिकडचे मित्र विचारतात की आमच्या ट्रॉलीला हे बसेल का. बऱ्याच ट्रॉल्यांना पाटेच नसतात, त्यामुळं पाट्यांवरचा प्रकार बाद, ॲक्सलवर स्ट्रेन गेज हाच मार्ग. बिलाला तो आकडा चालणार नाही, पण कारखान्याच्या काट्यावर जायच्या आधी शेतकऱ्याच्या हातात स्वतःचा एक आकडा असेल, आणि दर खेपेला फरक एकाच बाजूला पडत असेल तर तो बोलू शकेल. मला ही फार मोठी गोष्ट वाटते.

मोठ्या खाणींत हे कधीच रुळलंय. तिथल्या डंपरना पाटे नसतात, नायट्रोजन आणि तेल भरलेले चार जाड सिलिंडर असतात, त्यांच्या दाबावरून वजन निघतं आणि डंपरच्या बाहेरच्या बाजूला दिवे लागतात. भरत असताना एक रंग, माप झालं की दुसरा. बघतो कोण, तर एक्सकॅव्हेटरवाला, ज्याच्या हातात शेवटचं बकेट आहे. कॅटरपिलरचा तर ठरलेला नियम आहे, सगळ्या खेपांची सरासरी ठरलेल्या मापावर, शंभरातल्या दहापेक्षा जास्त खेपा मापाच्या दहा टक्क्यांहून वर नकोत आणि वीस टक्क्यांच्या वर एकही नको. माणूस चुकणार हे धरून केलेला नियम आहे, म्हणून तो पाळता येतो. युरोपियन युनियननं २०१५ च्या आपल्या निर्देशात देशांना सांगितलं की मे २०२१ पर्यंत ओव्हरलोड गाड्या ओळखायची सोय करा, एक तर रस्त्यात वजन मोजणारी यंत्रं बसवा नाही तर गाडीतच सेन्सर लावा, आणि गाडीतला आकडा रस्त्याकडेच्या अधिकाऱ्याला वायरलेसनं मिळावा.

हे वाचून आपले गाडीवाले घाबरतात, की उद्या हाच सेन्सर आपल्याच विरोधात साक्ष देईल. भीती खोटी नाही. पण आज काय होतंय तेही बघा. माल किती भरायचा हे ठरवतो क्रशरवाला, गिऱ्हाईक आणि भाड्याचा दर, आणि काट्यावर उभा राहतो ड्रायव्हर. त्याच्याकडं नाही म्हणायला काही आधारच नसतो, "जास्त वाटतंय" एवढंच तो म्हणू शकतो, आणि जास्त वाटतंय याला कोण विचारतं. म्हणून माझं म्हणणं एवढंच की डिस्प्ले आधी केबिनमध्ये ड्रायव्हरसमोर पाहिजे, मालकाच्या मोबाइलवर नंतर.

काकांनी डॅशबोर्डवर एक वही ठेवलीय. डाव्या बाजूला सेन्सरचा आकडा, उजव्या बाजूला काट्याच्या पावतीचा, तारीख आणि माल कोरडा की ओला. पहिल्या महिन्यात फरक सहाशे-सातशे किलोपर्यंत जायचा, मग मधल्या भरतीवर पुन्हा माप शिकवलं, दांड्याचा नट ढिला होता तो आवळला, आता तीनशेच्या आत असतो. मागच्या आठवड्यात वॉश सँड भरताना रोजच्या खुणेच्या चांगलं वीतभर खाली माल होता आणि काकांनी हात वर करून लोडरवाल्याला थांबवलं. तो म्हणाला अहो गाडी रिकामी दिसतीय. काकांनी त्याला केबिनमध्ये बोलावून आकडा दाखवला, १५.९.